रुग्णनोंद संगणकात ठेवावी, परंतु कशी?

आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात केसपेपरच्या गठ्ठ्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे. जुना रुग्ण आला की त्याचा कागद शोधण्यात जाणारा वेळ वाचला, हस्ताक्षर न लागण्याची अडचण सरली, औषधांचा हिशेबही सुलभ झाला. या सोयींविषयी आमचे दुमत नाही. मात्र संगणक आल्याने आपली रुग्णनोंद पूर्वीपेक्षा चांगली झाली आहे काय, हा प्रश्न प्रत्येक व्यवसायबंधूने व भगिनीने स्वतःस विचारावा, असे आम्हांस वाटते. आम्हांस तो सुचला आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

आमवाताची एक रुग्णा आमच्याकडे उपचार घेत होती. पहिल्या भेटीत सामावस्था स्पष्ट होती. जिव्हा लिप्त, अग्नी मंद, संधींच्या ठिकाणी शोथ व स्तब्धता. त्यानुसार लंघन, शुंठीचा काढा, एरंडस्नेह व सिंहनाद गुग्गुळ अशी योजना केली आणि संगणकात नोंदविली. पुढील प्रत्येक भेटीत ‘मागीलप्रमाणे’ ही कळ दाबली की आधीची सर्व माहिती नव्या तारखेखाली उमटत असे. पाचव्या भेटीत रुग्णेने घशाशी आंबट येते, छातीत जळजळते, अशी तक्रार सांगितली. आम्ही नोंद उघडून पाहिली, तर मागील चारही भेटींत ‘जिव्हा साम, अग्नी मंद’ हेच शब्द होते! प्रत्यक्षात जिव्हा स्वच्छ झालेली होती, भूकही लागत होती. आमाचे पाचन होऊन गेले तरी उष्ण, तीक्ष्ण उपचार तसेच चालू राहिले होते. “डॉक्टर, जीभ तुम्ही पहिल्याच दिवशी पाहिलीत, नंतर नाही पाहिली,” असे ती सहज म्हणाली. योजना बदलली, त्रास शमला. परंतु तिचे ते वाक्य आम्ही आजही विसरलेलो नाही.

येथे दोष यंत्राचा नाही, आमचा आहे. कागदावरही ‘रिपीट’ एवढेच लिहून पुढच्या रुग्णाकडे वळणारे आपण होतोच. परंतु कागदावरील तो शब्द निदान प्रामाणिक होता. त्या दिवशी नवे काही पाहिले गेले नाही, हे त्यावरून कळत असे. संगणकातील नक्कल मात्र परीक्षण झाल्याचा आभास निर्माण करते. उद्या ती नोंद दुसऱ्या वैद्याच्या हाती पडली, तर चार वेळा जिव्हापरीक्षण झाले असेच तो समजेल आणि त्याच आधारावर पुढील चिकित्सा ठरवील.

दुसरा मुद्दा निदानाच्या यादीचा. आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ पोर्टलद्वारे व्याधींची प्रमाणित नावे व संकेतांक उपलब्ध करून दिले. १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मधील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग जाहीर झाला व त्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या संज्ञांना स्थान मिळाले. ही घटना आपल्या शास्त्राच्या दृष्टीने स्वागतार्हच आहे. आपल्याकडील रुग्णांची गणना जगाला समजेल अशा भाषेत होऊ शकते, हा लाभ लहान नव्हे. परंतु संकेतांक हा प्रामुख्याने गणनेसाठी आहे. एकाच आमवाताच्या दोन रुग्णांत एकास लंघन व दुसऱ्यास बृंहण द्यावे लागेल, ते केवळ संकेतांकावरून कळणार नाही. सर्वच विकारांना निश्चित नाव असत नाही आणि ते सांगता आले नाही म्हणून वैद्याने लज्जित होऊ नये, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील त्रिशोथीय अध्यायात बजावले आहे. म्हणून आधी दोष, दूष्य, अग्नी व अवस्था आपल्या शब्दांत लिहावी आणि मग यादीतील नाव निवडावे. हा क्रम उलटला की रुग्णाला यादीत बसविण्याचा मोह होतो.

तिसरा मुद्दा औषधालय चालविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांशी निगडित आहे. नोंदीत ‘सिंहनाद गुग्गुळ’ असते. तो कोणत्या उत्पादकाचा, कोणत्या बॅचचा, हे बहुधा नसते. ग्रंथाधार बदलला की एकाच नावाच्या कल्पातील घटक व त्यांचे प्रमाण बदलू शकते, हे आपण जाणतोच. २०१८ पासून आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय योजना कार्यरत झाली व तिचे समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. रसकल्पांविषयी समाजात शंका घेतल्या जात असताना बॅच क्रमांकाविना केलेली तक्रार आणि बॅच क्रमांकाविना केलेला खुलासा, दोन्ही अपुरेच ठरतात. औषधालयाच्या बिलात हा क्रमांक पुष्कळदा असतो. तो रुग्णाच्या नोंदीपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था वैद्य व औषधविक्रेता यांनी मिळून करावयाची आहे.

गर्दीच्या वेळी इतके लिहिणार कोण, असा आक्षेप येईल व तो खोटा नाही. म्हणून आमची सूचना मर्यादित आहे. ‘मागीलप्रमाणे’ ही कळ नाव, पत्ता, वय व पूर्ववृत्त यांपुरतीच ठेवावी. जिव्हा, अग्नी, मल व निद्रा या चार जागा प्रत्येक भेटीत रिकाम्याच उघडाव्यात. ज्या दिवशी परीक्षण झाले नसेल, त्या दिवशी त्या रिकाम्या राहू द्याव्यात. औषध बदलले तर कारण एका ओळीत लिहावे. कल्पासोबत मात्रा, काल व अनुपान यांच्याइतकीच उत्पादक व बॅच क्रमांक यांची जागाही असावी. संगणक-प्रणाली पुरविणाऱ्यांकडून एवढे बदल करून घेणे फारसे कठीण नाही. आपण मागणी मात्र केली पाहिजे.

आम्ही आमच्या चिकित्सालयात हा बदल केला आहे. आता कित्येक भेटींत एखादी जागा रिकामी दिसते आणि ती पाहून आम्हांस संकोच वाटतो. तो संकोच आम्हांस पुढील भेटीत रुग्णाला जीभ दाखविण्यास सांगावयास लावतो. वाचक वैद्यांनी व औषधालय-चालकांनी आपला अनुभव याच पृष्ठांतून अवश्य कळवावा, ही नम्र विनंती.