बेकनट्रीची घरे

बाबासाहेब १९२० ते १९२३ लंडनला शिकत होते. त्याच काळात, १९२१ साली, शहराच्या पूर्वेला डॅगनहॅमकडे बेकनट्री ही कामगार वसाहत उभी राहू लागली. सुमारे २६ हजार घरे, मालक लंडनची कौन्सिल. घरातच संडास, मागे बाग! आपल्या बी.डी.डी. चाळी त्याच दशकातल्या. तिथे एक खोली अन् सामाईक संडास. शिस्त मात्र कडक. पुढची बाग नीटनेटकी राखलीच पाहिजे. भाडेही अगदी गरिबाला झेपणारे नव्हतेच.

१९८० च्या कायद्याने भाडेकरूंना सवलतीत घर विकत घेता आले. अनेकांचे भले झाले. पण विकलेल्या घरांच्या बदली कौन्सिलची नवी घरे फारशी झाली नाहीत. आज त्यांतली कित्येक घरे खाजगी मालक चढ्या भाड्याने देतात, आणि गरजू कुटुंबे कौन्सिलच्या यादीत वर्षानुवर्षे नंबर लावून बसतात.