मुक्तीची रोजनिशी आणि तिच्यात नसलेले नाव

कोरियन मालिकांचे वेड आता बडोद्यातील मराठी घरांतही शिरले आहे. गाणे शिकावयास येणाऱ्या मुलींच्या तोंडी सेऊलच्या नटनट्यांची नावे ऐकण्याची आम्हांस सवय झाली आहे. या मालिकांविषयी वडीलधाऱ्या रसिकांचे मत मात्र फारसे बरे नाही. श्रीमंत वारस, गरीब मुलगी, हरवलेली स्मृती आणि ऐनवेळचा योगायोग, यापलीकडे तेथे काय असावयाचे, असा त्यांचा सवाल असतो. तो अगदीच निराधार आहे असे नव्हे. परंतु एका मालिकेपुरते तरी हे मत बाजूला ठेवावे, अशी आमची विनंती आहे.

ही मालिका म्हणजे ‘माय लिबरेशन नोट्स’. मूळ कोरियन नावाचा अर्थ ‘माझ्या मुक्तीची रोजनिशी’. ९ एप्रिल ते २९ मे २०२२ या काळात जेटीबीसी वाहिनीवर तिचे १६ भाग दाखविले गेले आणि नेटफ्लिक्सद्वारे ती परदेशी पोहोचली. लेखिका पार्क हे-यंग, दिग्दर्शक किम सॉक-युन. २०१८ सालची ‘माय मिस्टर’ ही मालिकाही याच लेखिकेची.

कथा म्हणावी तर एवढीशी. सेऊलला वेढून असलेल्या ग्यॉन्गी प्रांतातील सान्पो नावाच्या एका कल्पित गावी यॉम कुटुंब राहते. बाप अबोल. शेती पाहतो आणि शेडमध्ये लोकांच्या स्वयंपाकघरांसाठी सिंक-ओटे तयार करतो. थोरली गी-जॉंग, मधला चांग-ही, धाकटी मी-जॉंग. तिघेही वयाने वाढलेले, अविवाहित, सेऊलमध्ये नोकरी करणारे. सकाळी गाडीने जावयाचे, रात्री उशिरा परतावयाचे आणि सुटीच्या दिवशी बापाच्या शेतात राबावयाचे. दक्षिण कोरियाची निम्म्याहून अधिक वस्ती सेऊल, इंचॉन आणि ग्यॉन्गी या राजधानीच्या परिसरात एकवटलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रवासाचा शीण किती घरांचा असेल ते कळते. चांग-हीला वाटते की सेऊल म्हणजे अंड्यातला पिवळा बलक आणि आपण सभोवतालचा पांढरा. आपल्या साऱ्या अपयशाचे कारण तो या पत्त्यावर टाकून मोकळा होतो.

‘हेबांग’ हा मूळ नावातला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या अमलातून कोरिया सुटला, त्या सुटकेला तेथे हाच शब्द वापरतात. राष्ट्राच्या इतिहासातला हा भारदस्त शब्द लेखिकेने एका कंत्राटी कारकून मुलीच्या वहीत आणून ठेवला आहे. मी-जॉंगवर कोणाचे राज्य नाही. तिला कोणी कोंडलेले नाही, मारलेले नाही. वरिष्ठ तिच्या कामावर लाल रेघोट्या ओढतो, पूर्वीच्या मित्रासाठी काढलेल्या कर्जाचे तगादे येतात आणि घरी-दारी कोणी तिच्याकडे नीट पाहत नाही, एवढेच. मग तिने सुटावयाचे कशापासून? ते तिला सांगता येत नाही, आणि मालिकेचा प्रारंभ नेमका तेथून होतो.

तिच्या कचेरीत प्रत्येकाने कुठल्या तरी छंदमंडळात सामील व्हावे असा आग्रह असतो. तो न मानणारी तीन माणसे शेवटी आपलेच मंडळ काढतात, ‘मुक्ती मंडळ’. त्याचे नियम असे: सुखी असल्याचा आव आणावयाचा नाही, दुःखी असल्याचाही नाही, आणि स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहावयाचे. पुढे आणखी दोन कलमे येतात. कोणी कोणाला सल्ला द्यावयाचा नाही. कोणी कोणाचे सांत्वन करावयाचे नाही.

ही शेवटची दोन कलमे वाचकांनी क्षणभर मनाशी घोळवावीत. आपल्या घरांतून वयात आलेल्या मुलामुलींशी आपण जे बोलतो, त्यातून सल्ला आणि सांत्वन वगळले तर शिल्लक काय राहते? लग्नाचे काय ठरले, पगार वाढला का, अमक्याच्या मुलाने घर घेतले. यॉमांच्या जेवणाच्या बैठकीवर तर तेवढेही बोलणे नसते. मंडळातले तिघे मात्र एकाच बाजूला तोंड करून खिडकीबाहेर पाहत बसतात, एकजण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. ऐकणे हे एक काम आहे, हे गाणे शिकविणाराला निराळे सांगावयास नको. शिष्य स्वर शोधीत असता मध्येच गाऊन दाखविण्याचा मोह ज्याला आवरत नाही, त्याच्या शिष्याला स्वतःचा आवाज उशिराच सापडतो.

‘यात काही घडतच नाही’ हा या मालिकेवरील नेहमीचा आक्षेप. लय विलंबित आहे, हे खरे. पहिल्या भागाला तीन टक्क्यांहून कमी प्रेक्षक लाभले होते, अखेरच्या भागाला ते प्रमाण सहा टक्क्यांच्या पुढे गेले. बडा ख्याल ऐकताना पहिल्या दहा मिनिटांत उठून जाणारा श्रोता आणि शेवटपर्यंत बसणारा श्रोता यांना एकच राग भेटत नाही. येथेही तसेच आहे. गावात आलेला, बापाच्या हाताखाली राबणारा, रोज रात्री दारू पिणारा गू नावाचा अनोळखी पुरुष. त्याच्यापाशी मी-जॉंग प्रेम मागत नाही, ‘माझी आराधना कर’ म्हणते. कोरियन भाषेतही हा शब्द इतका ग्रांथिक की बिचाऱ्याला त्याचा अर्थ शोधून पाहावा लागतो. पुढे वाऱ्याने उडालेली तिची टोपी आणण्यासाठी तो रुंद चरावरून अशी काही झेप घेतो की पाहणारे थक्क होतात. हा प्रसंग मनात ठसतो, कारण त्याआधी भागच्या भाग तो माणूस नुसता बसून होता.

किम जी-वॉन आणि सन सुक-कू यांच्या या जोडीचे पुष्कळ कौतुक झाले, ते योग्यच आहे. परंतु आमच्या मते मालिकेचा खरा गाभा त्यांच्यात नाही. तो आईत आहे.

ही आई शेतात असते, शेडमध्ये असते, आणि तिन्ही वेळा चुलीपाशी असते. बाप दुसऱ्यांची स्वयंपाकघरे घडवितो आणि ही आपल्या स्वयंपाकघरातून बाहेर पडत नाही. तिची मुले मुक्तीच्या गोष्टी बोलतात, तेव्हा ती ताटे मांडीत असते. मैफलीत तंबोरा धरून मागे बसलेल्या माणसाकडे कोणाचे लक्ष नसते. तारा थांबल्या म्हणजे मात्र गवयालाच आपला षड्ज सापडेनासा होतो. तेराव्या भागात एके दिवशी ती भात चढविते, जरा पाठ टेकावी म्हणून आत जाऊन पडते, आणि उठत नाही. आजार नाही, निरवानिरव नाही, शेवटचे बोलणे नाही. प्रेक्षक आणि मुले यांना एकाच वेळी कळते की या घराला घर म्हणून जे काही होते ते हीच बाई होती.

त्यानंतर काय होते ते पाहण्याजोगे आहे. तिघे भावंडे सेऊलला राहावयास जातात. ज्या शहरासाठी इतकी वर्षे चरफड केली ते शहर मिळते, ते आई गेल्यावर. आणि तेथे गेल्याने कोणीही सुटत नाही! चांग-हीच्या डोक्यावर कर्ज तसेच असते. पत्ता बदलला म्हणजे नशीब बदलेल, हा त्याचा सिद्धान्त लेखिकेने एकही टोमणा न मारता खोटा पाडला आहे. तो मोठा होतो तो निराळ्याच ठिकाणी. धंद्याचा एक महत्त्वाचा करार हातचा जात असतानाही तो एका मरणोन्मुख परिचिताच्या उशाशी बसून राहतो, आणि एरवीचा हा वाचाळ माणूस त्याचा कोठे गवगवा करीत नाही. अखेरीस चुकून तो भलत्याच वर्गात शिरतो, तो अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारांचा अभ्यासवर्ग निघतो, आणि तो तेथेच बसून राहतो. आईच्या मृत्यूनंतर हे त्याने निवडावे, यात मला कृत्रिम असे काही वाटले नाही.

दोष नाहीत असे नव्हे. गूच्या पूर्वायुष्यातील रात्रीचे धंदे, पैशांच्या थैल्या, गुंडांची धावपळ हा भाग इतर कोरियन मालिकांतून उसना आणल्यासारखा वाटतो. थोरल्या बहिणीचे प्रेमप्रकरणही, ली एलचा अभिनय इतका मोकळा असूनही, मधूनमधून रेंगाळते. आणि याहून मोठी तक्रार अशी की तिन्ही मुलांना मुक्तीची वाट देणाऱ्या लेखिकेने आईच्या हाती मात्र वही कधी दिली नाही. पण विचार करता वाटते की ती दिली असती तर ते खोटे झाले असते. अशा आयांच्या हाती वही नसते, हीच त्या पिढीची खरी हकीकत आहे; सेऊलजवळच्या खेड्यात काय आणि आपल्याकडे काय.

शेवटाकडे मी-जॉंग जगण्याची एक साधी युक्ती सांगते. कोणासाठी दार धरले आणि त्याने आभार मानले, ते सात सेकंद; सकाळी जागे होताच आज शनिवार असल्याचे आठवले, ते दहा सेकंद. असे वेचून दिवसाकाठी पाच मिनिटे भरली म्हणजे पुरे. तिच्या आईच्या वाट्याला ती पाच मिनिटे कधी आली होती काय, हा प्रश्न मालिकेत कोणीच विचारीत नाही. आपल्या घरी तो विचारण्यास अजून वेळ आहे.