उठायचे कोणी?

ग्रामोफोनचा शोध कोणी लावला, हे शाळकरी पोरही सांगेल. एडिसनने १८७७ साली नळकांड्यावर आवाज पकडला आणि दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनरने नळकांडे बाजूला ठेवून सपाट तबकडी आणली. पुस्तकांतला इतिहास इथे संपतो आणि घरातला इथेच सुरू होतो. कारण ह्या तबकडीने माणसाच्या संसारात एक नवा प्रश्न आणून ठेवला. तीन मिनिटे झाली, गाणे संपले, सुई खरखर करू लागली. आता उठायचे कोणी?

ज्यांनी चावीचा फोनो पाहिलेला नाही, त्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. तेवढ्या गाण्यासाठी माणसाला पाच कामे करावी लागत. चावी भरायची, पिन बदलायची, तबकडी ठेवायची, साउंड बॉक्स तिच्या कडेवर अलगद टेकवायचा आणि गाणे संपताच तो चटकन उचलायचा. आठ पदे ऐकायची म्हणजे चाळीस कामे झाली! त्यांतले पिन बदलण्याचे काम कुणाला अकारण सोवळे वाटेल, पण ते तसे नव्हते. तबकडीच्या मसाल्यात लाखेबरोबर दगडाची बारीक पूड मुद्दाम घातलेली असे. पहिल्या काही फेऱ्यांतच पोलादी पिन त्या पुडीवर घासून खाचेच्या मापाची होई आणि बाजू संपेपर्यंत पार झिजून जाई. तीच पिन पुन्हा वापरली तर ती गाणे वाजवण्याऐवजी ते कोरून काढी. म्हणून तर पिनांच्या त्या चिमुकल्या पत्र्याच्या डब्या मिळत. एकेकीत दोनशे पिना.

तबकडीतली लाख ही छोटा नागपूरकडच्या जंगलांतली, आपल्या बायकांच्या लाखेच्या बांगड्यांची सख्खी बहीण, आणि फुटण्याच्या बाबतीत स्वभावही तोच. त्यामुळे फोनोपाशी बसवायचा माणूस पारखून घ्यावा लागे. बहुधा तो मान घरातल्या अशा मुलाला मिळे, की जे हुकूम ऐकण्याइतके लहान आहे आणि तबकडी न फोडण्याइतके मोठे आहे. मोठी माणसे गाद्या-लोडांवर बसून माना डोलावीत आणि हे पोर मात्र गाणे न ऐकता, ते कधी संपते इकडे डोळे लावून बसे.

तबकडीच्या आधी गाणे पुन्हा ऐकायचे असेल तर आपल्याकडे एकच यंत्र होते आणि ते नाटकगृहात मिळे. त्याचे नाव ‘वन्स मोअर’. शब्द इंग्रजी खरा, पण मराठी नाटकवेड्यांनी तो असा काही आपलासा केला की त्याला परका म्हणण्याची सोय उरली नाही. बालगंधर्वांचे पद रंगले की पिटातून आरोळी उठे आणि पद पुन्हा सुरू होई. गंमत अशी, की पुन्हा म्हटलेले पद तेच नसे. एखादी हरकत नवी येई, एखादी जागा लांबे, क्वचित पहिल्याहून फिकेही होई. वन्स मोअर मागणारा आणि देणारा दोघेही जिवंत असत, आणि ‘आता पुरे’ हे दोघांनाही कळे. तबकडीने वन्स मोअर घरी आणला तो मात्र अक्षरशः तसाच्या तसा. श्वाससुद्धा त्याच ठिकाणी. आणि तो द्यायला गायक नव्हता. घरातलेच कोणीतरी उठायला हवे होते.

न उठता भागावे म्हणून माणसाने काय काय खटाटोप केले, ते पाहण्यासारखे आहे. शिकागोच्या जॉन गेबलने १९०६ च्या सुमारास दुकाना-हॉटेलांसाठी एक उंच कपाट काढले. त्यात २४ तबकड्या असत. नाणे टाकून बाजूची दांडी फिरवली की हवी ती तबकडी वाजे आणि पिनसुद्धा आतल्या आत बदले. घरासाठी मात्र एवढे मोठे धूड परवडणारे नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचे बेट आहे. तिथल्या होबार्ट गावच्या एरिक वॉटरवर्थने १९२५ साली एकामागून एक तबकड्या वाजवणारे यंत्र तयार केले. बापलेकांनी पेटंट घेतले आणि सिडनीच्या एका कंपनीशी करार केला. १९२७ च्या ईस्टर प्रदर्शनात लोकांनी ते यंत्र पाहिले, पण बाजारात येण्याआधीच त्या कंपनीचे दिवाळे वाजले. मग बापलेक लंडनला गेले आणि तिथे पेटंट विकून आले. त्यांनी बनवलेल्या तीन नमुन्यांपैकी तिसरा सुट्या भागांच्या रूपात घराखाली कित्येक दशके पडून होता. एरिकच्या मृत्यूनंतर घरच्यांना तो सापडला आणि टास्मानियातल्या जुन्या ध्वनींचे जतन करणाऱ्या मंडळींनी तो जोडून उभा केला. दुसऱ्यांनी उठू नये म्हणून झटलेल्या यंत्राला स्वतःला उठायला इतकी वर्षे लागली!

१९२७ सालीच अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने आपले स्वयंचलित यंत्र विकायला काढले आणि त्याचे चांगले नाव झाले. पुढे केपहार्ट कंपनीने तर तबकडी उलटी करून तिची दुसरी बाजू वाजवणारे यंत्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवले. चावी विजेच्या मोटारीने नाहीशी केली होती. पिनेचे काम पुढे नीलमण्याच्या टिकाऊ टोकाने घेतले. तिला दर तीन मिनिटांनी बदलावे लागेना. राहिली तबकडी, ती आता दांडीवरून आपली आपण खाली पडू लागली. तबकड्यासुद्धा यंत्राच्या सोयीने छापल्या जाऊ लागल्या. पाच तबकड्यांची लांबलचक सिंफनी असली, तर पहिल्या तबकडीच्या एका अंगाला भाग १ आणि दुसऱ्या अंगाला भाग १०, दुसरीच्या अंगांवर २ आणि ९, अशी वाटणी करीत. म्हणजे पाचांची चळत वाजून झाली की ती सबंध उलटी करून ठेवली की काम झाले. दहा भागांच्या वादनात उठायचे फक्त एकदा.

आपल्याकडे हे यंत्र मध्यमवर्गाच्या ओळखीचे झाले ते रेडिओग्रामच्या पोटात बसून. ‘चेंजर’ हे त्याचे घरगुती नाव. गॅरार्ड, कोलारो, बीएसआर ही त्याच्या ब्रिटिश कारखानदारांची नावे जाणकार मंडळी घराण्यांच्या नावांसारखी उच्चारीत. ह्या चेंजरला गाणे संपले हे कसे समजते, असा प्रश्न मला लहानपणी फार छळी. त्याला गाण्यातले काही कळत नाही. त्याला घाई तेवढी कळते. गाणे चालू असताना सुई एका फेऱ्यात जेमतेम पाव मिलिमीटर आत सरकते. तबकाखाली एक हलकी पट्टी असते. तबकाच्या मध्याजवळचा उंचवटा दर फेऱ्याला तिला हळूच मागे सारतो, जणू ‘अजून नाही, अजून नाही’ म्हणत. गाणे संपले की शेवटची मोकळी खाच सुईला एकदम मध्याकडे ओढते. मग ती पट्टी एवढी पुढे येते की उंचवट्याला ती मागे सारता येत नाही. ती अडकते, आणि इतका वेळ स्वस्थ बसलेले एक मोठे दातेरी चाक फिरू लागते. त्या चाकाचा एकच फेरा. तेवढ्यात हात उचलला जातो, बाहेर जातो, नवी तबकडी पडते, हात आत येतो आणि कडेवर टेकतो. ह्या सगळ्याला वेगळी शक्ती लागत नाही. जी मोटार गाणे फिरवते, तीच हेही करते.

आणखी एक खुबी होती. तबकड्यांची चळत डगमगू नये म्हणून वरून एक आडवा दांडा टेकवलेला असे. शेवटची तबकडी पडली की तो खाली येई आणि यंत्राला समजे की संपले, आता थांबावे. पण हाच दांडा उचलून बाजूला फिरवून ठेवला, तर पुष्कळ चेंजरांना तबकड्या संपल्याचे कळतच नसे. वर अजून तबकड्या आहेत अशा समजुतीने ते हात उचलीत, पडणाऱ्या तबकडीसाठी थांबत, काहीच पडत नसे, आणि हात पुन्हा त्याच गाण्याच्या आरंभी जाऊन टेके. वीज असेपर्यंत तेच गाणे चालू राही.

ह्या खुबीचा खरा उपयोग मी एकाच ठिकाणी पाहिला. माझ्या वडिलांची आत्या, जिला आम्ही सगळी मुले आत्याआजी म्हणत असू, १९६८ च्या सुमारास मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळली. वडिलांनी तिची खाट रेडिओग्रामच्या खोलीत हलवली. दुपारी घरात फारसे कोणी नसे. तिला हवी असे एकच जुनी तबकडी, बालगंधर्वांच्या पदाची. मी शाळेतून आलो की बटण १६, ३३, ४५ ओलांडून ७८ वर न्यायचे, सुई उलटवायची, दांडा बाजूला सारायचा, एवढे काम माझ्याकडे होते. मग पद सुरू होई आणि संपून पुन्हा सुरू होई. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना ते अस्ताई-अंतऱ्यासह पाठ झाले आणि त्यांच्या पत्नीला ते त्यांच्या तोंडून ऐकावे लागल्यामुळे आमच्याकडे तक्रार आली. वडिलांनी आत्याआजीला जरा भीत भीतच विचारले, “आत्या, एवढ्या वेळा तेच तेच ऐकून कंटाळा येत नाही का?”

ती म्हणाली, “अरे, तरुणपणी नाटकाला जायची, तेव्हा बायकांची जागा वेगळी. पिटातले पुरुष खुशाल ओरडायचे, वन्स मोअर, वन्स मोअर! आम्ही आपल्या पदर सावरून गप्प. ओरडली असते तर घरी काय झाले असते, तुला ठाऊक आहे. माझे कितीतरी वन्स मोअर राहून गेले आहेत. आता एकेक वसूल करते आहे.”

वडील पुढे काही बोलले नाहीत. वरच्या मजल्यावर काय निरोप गेला, मला ठाऊक नाही; तक्रार मात्र पुन्हा आली नाही. पण मला अधिक लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट. आत्याआजी पद बेहिशेब वाजू देत नसे. चार, पाच, कधी सहा वेळा झाले की ती हात वर करी आणि म्हणे, “बस, पुरे.” मी आर्म उचलून ठेवी. त्यानंतर ती बराच वेळ डोळे मिटून पडे. पद खरे तर तेव्हा चालू असावे.

चेंजरचे दिवस फार टिकले नाहीत. १९४८ साली कोलंबिया कंपनीची दीर्घ वाजणारी तबकडी निघाली आणि एकेका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. पुढल्याच वर्षी आरसीएने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी काढली. तिच्या मधले दीड इंची भोक खास चेंजरच्या जाड दांडीसाठी होते. म्हणजे एकाने उठण्याचे कारण काढून टाकले आणि दुसऱ्याने उठण्यासाठी आणखी चांगला नोकर दिला. साठच्या दशकातही आपल्याकडे ७८ च्या तबकड्या निघत होत्या, म्हणून चेंजरला इथे काम राहिले. पुढे कॅसेट आली, १९८२ साली सीडी आली आणि गाणे पुन्हा वाजवण्यासाठी दांड्याला फसवण्याची गरज उरली नाही. यंत्रावर ‘रिपीट’ची कळच बसली. आता मोबाइलवर एक गाणे लावले की दुसरे, तिसरे, चौथे आपोआप येते. कोणी मागितलेले नसते, कोणी निवडलेले नसते. वर अजून तबकड्या आहेत ही चेंजरची समजूत खोटी होती. मोबाइलच्या बाबतीत ती खरी झाली आहे. चळत कधी संपतच नाही.

उठायचे कोणी, ह्या प्रश्नाचा निकाल यंत्रांनी लावला, ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. जो उठू शकत नाही त्याला ह्या निकालाची किंमत विचारावी. मात्र ‘पुरे’ कोणी म्हणायचे, ह्याचा निकाल त्या दातेरी चाकाने लावला नाही आणि खिशातल्या यंत्रालाही तो लावता येत नाही. ते काम अजून ऐकणाऱ्याकडेच आहे, आणि ते ज्याने सोडले त्याच्या घरात गाणे दिवसभर वाजते पण ऐकले जात नाही.

ह्या बाबतीत आपल्याला कोणाकडे शिकवणीला जायचे कारण नाही. दिवाळीच्या दिवसांत घरोघरी फराळाची ताटे फिरतात. वाढणारी आग्रह करते, पाहुणा ताटावर आडवा हात धरतो आणि म्हणतो, “आता पुरे.” तेवढ्यानेच शेवटच्या करंजीला चव राहते. ह्या दिवाळीत एखादे पद असेच ऐकून पाहा. पुन्हा हवेसे वाटले तर खुशाल वन्स मोअर मागा. आणि पुरे झाले, की स्वतः उठून बंद करा.