पाभर घडविणारे हात

चाड्याची भोके सारखी नसली, तर पाभरीच्या एका ओळीत बी दाट पडते व शेजारच्या ओळीत विरळ. ही चूक उगवणीनंतरच दिसते. तोवर वापसा निघून गेलेला असतो. तेव्हा चाडे कोरणारा सुतार हा पेरणीतील भागीदारच होय.

२०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतार-लोहारांस पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण व दररोज ५०० रुपये विद्यावेतन देण्याची तरतूद आहे. योजना स्तुत्य खरीच. जुन्या हाताला तेवढे दिवस पुरतील. नवशिक्याला बाभळीचे लाकूडदेखील तेवढ्यात ओळखू येत नाही. (पदवी घेतल्यानंतर मलाही ते एका वृद्ध सुतारानेच शिकविले.)

माझ्या मते, स्वतः घडविलेली पाभर शेतात चालवून पाहिल्याखेरीज कोणाचेही शिक्षण पुरे झाले असे समजू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यासाठी एखादे वावर आधीच ठरवून ठेवावे.