शेतकऱ्याची ठेव आणि तिची राखण

पीक कसें काढावें, खत कोणतें घालावें, किडीचा बंदोबस्त कसा करावा, याविषयीं ह्या मासिकांत पुष्कळ लिहून येतें व तें योग्यच आहे. परंतु पीक विकून जो पैसा घरांत येतो तो राखावा कसा, ह्या गोष्टीचा विचार त्या मानानें फारच थोडा होतो. आमच्या मतें ही उणीव लहान नाहीं. पाऊस न आला तर एका हंगामाचें पीक बुडतें. ठेव बुडाली म्हणजे दहावीस हंगामांचें पीक एका दिवसांत बुडतें, आणि त्याचा पंचनामा करावयास तलाठी येत नाहीं.

नोकरदाराचा पैसा महिन्याच्या महिन्यास येतो. घाटनांदूर व आसपासच्या गांवांतील शेतकऱ्याचा पैसा सोयाबीन, कापूस व तूर यांच्या मागोमाग दसऱ्यापासून संक्रांतीच्या पुढेंपर्यंत येतो, आणि त्यावर पुढील सारें वर्ष निभवावें लागतें. अर्थात् तो कोठें तरी ठेवणें भागच असतें. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या काळीं खेड्यांतील शिल्लक बहुधा धान्यरूपानेंच असे व ती बळदांत किंवा पेवांत राही. जाणता कुणबी सारी ज्वारी एकाच पेवांत भरीत नसे. कारण एका पेवांत पाणी शिरलें तरी दुसऱ्यावर घर जगे. पेवें गेलीं, धान्याच्या जागीं रोकड आली. पण त्याबरोबर तो जुना नियमही आपण विसरलों, ही खेदाची गोष्ट होय.

ह्या विस्मृतीचें फळ आपल्या जिल्ह्यानें नुकतेंच भोगलें आहे. बीड येथें मुख्य कचेरी असलेल्या ज्ञानराधा मल्टीस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटीचें उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. २०२३ च्या ऑक्टोबरांत तिच्या चालकांच्या उद्योगसमूहावर आयकर खात्याचे छापे पडले, ठेवीदारांची रीघ लागली, आणि पुढें शाखांतून पैसे मिळेनासे झाले. २०२४ मध्यें गुन्हे नोंदले जाऊन अटका झाल्या व सक्तवसुली संचालनालयानेंही चौकशी हातीं घेतली. शेंकडा १२ ते १४ व्याजाचें आश्वासन देऊन ठेवी गोळा केल्या व त्यांतील २,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम चालकांच्याच कंपन्यांकडे कर्ज म्हणून वळविली, असा त्या खात्याचा आरोप आहे. आरोपाचा निवाडा न्यायालय करील. तो करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु मुलीच्या लग्नाचे, बापाच्या औषधाचे व संपादन झालेल्या जमिनीच्या मोबदल्याचे पैसे अडकून बसले, ही गोष्ट निवाड्याची वाट पाहत नाहीं.

कित्येक शहाणे म्हणतात कीं लोक लोभानें बुडाले. हें म्हणणें आम्हांस अर्धेंच पटतें. जास्त व्याजाची ओढ होतीच. परंतु केवळ तीच नव्हती. बँकेंत गेलें म्हणजे तास दोन तास रांगेंत उभें राहावें, अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यावा, एवढें करून साहेबानें उद्यां या म्हणावें. आणि सोसायटीचा माणूस मात्र दारीं येई, नांवानें हांक मारी, चहा घेई व पावती देई. तो बहुधा आपल्याच भावकींतला किंवा सोयऱ्यांतला. त्याच्या तोंडाकडे पाहून लोकांनीं पैसे दिले. चूक झाली ती येथें. माणूस खरा असला तरी संस्था खरी असतेच असें नाहीं. त्या बिचाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं आपले स्वतःचेही पैसे तेथेंच ठेविले होते.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. बँक आणि पतसंस्था ह्या दोन वस्तु कायद्याच्या दृष्टीनें अगदीं निराळ्या आहेत, आणि हा भेद प्रत्येक घरीं ठाऊक असला पाहिजे. बँकेस रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो व तिच्या ठेवींस ठेव विमा व पत हमी महामंडळाचें संरक्षण असतें. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका बँकेंत एका ठेवीदारास, मुद्दल व व्याज मिळून आणि सर्व शाखा धरून, ५ लाख रुपये आहे. पूर्वीं ती १ लाख होती. सरकारी बँक, खाजगी बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक, नागरी सहकारी बँक, ह्या साऱ्या त्यांत येतात. पतसंस्थेस, मग ती महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याखालील असो कीं दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे २००२ च्या कायद्यानें नोंदलेली मल्टीस्टेट असो, हा विमा नाहीं. टपाल कचेरींतील ठेवीस मात्र खुद्द सरकारची हमी आहे. पाटीवर झळाळणारें नांव, कांचेचीं दारें व उद्घाटनास आलेले पुढारी हीं हमीचीं चिन्हें नव्हत.

व्याजाचा हिशेबही एकदां कागदावर मांडून पाहावा. समजा, बँक शेंकडा ७ देते व सोसायटी शेंकडा १३ देते. १ लाख रुपयांवर वर्षाचें अधिक उत्पन्न ६,००० रुपये झालें. ह्या ६,००० साठीं आपण १ लाखाचें मुद्दल पणास लावितों. तें मुद्दल बुडालें तर जादा व्याजानें भरून यावयास सोळा वर्षें आठ महिने लागतात; म्हणजे संस्था त्याच्या आंत मोडली तर ठेवीदार तोट्यांतच. शिवाय, शेंकडा १३ ठेवीदारास देणारी संस्था कर्जदाराकडून १५-१६ तरी घेणार. इतक्या भारी व्याजानें कर्ज कोण उचलतो, तर बहुधा ज्यास बँक दारांत उभें करीत नाहीं तो. एवढें ध्यानांत आलें तरी पुष्कळ झालें.

बुडालेला पैसा परत मिळतो काय, असें आम्हांस नेहमीं विचारतात. ठेवीदारांच्या रक्षणार्थ महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे. त्या अन्वयें मालमत्ता जप्त करण्याचें काम उपजिल्हाधिकारी वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याकडे येतें. महसूल खात्यांत आमचें आयुष्य गेलें, म्हणून सांगतों, जप्ती हें एका दिवसाचें काम नव्हे. सातबारा व फेरफार तपासावे, पूर्वींचा बोजा पाहावा, मूल्यांकन करावें, न्यायालयाची मोहर घ्यावी, हरकती ऐकाव्या, लिलाव करावा, आणि मग जें हातीं येईल तें हिस्सेरशीनें वांटावें. पैसा आला तरी पुष्कळदां गरज सरल्यावर येतो.

आणि दरम्यान घर थांबत नाहीं. ठेव अडकली म्हणजे माणूस खाजगी सावकाराकडे जातो. २०१४ च्या सावकारी कायद्याखालीं शेतकऱ्यास तारणी कर्जावर सालीना शेंकडा ९ व बिनतारणी कर्जावर १२ असे दर ठरविले गेले. दरमहा शेंकडा ३ किंवा ५ घेणें हा उघड गुन्हा. परंतु अडलेला माणूस कायदा विचारीत नाहीं. तो 'नंतर परत फिरवूं' ह्या तोंडच्या बोलीवर जमिनीचें खरेदीखत करून देतो. असें खत कोणीही करूं नये. ज्यानें केलें असेल त्यानें जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. अवैध सावकारींत १५ वर्षांच्या आंत गेलेली जमीन चौकशीअंतीं परत देवविण्याची तरतूद त्या कायद्याच्या कलम १८ मध्यें आहे.

ह्यावरून सर्वच पतसंस्था वाईट असा अर्थ कोणी घेऊं नये. गांवच्या गांवांत चालणारी, जिचे कर्जदार सभासदांस ठाऊक आहेत अशी लहान संस्था अडीनडीस उपयोगी पडते. परंतु तिचा सभासद झाल्यावर वार्षिक सभेस जावें, लेखापरीक्षणाचा वर्ग विचारावा, संचालकांनीं स्वतः किती कर्ज घेतलें हें विचारावें. आणि जी रक्कम अडकली तरी चूल पेटती राहील तेवढीच तेथें ठेवावी. बँकांनींही आपल्या दारीं येणाऱ्या धोतरवाल्यास जरा बसावयास सांगावें. त्यांच्या तुसडेपणानेंच अर्धे ठेवीदार दुसऱ्या दारीं गेले, हें आम्ही स्पष्ट लिहून ठेवितों.

आमच्या मतें हंगामाचा पैसा हातीं आला म्हणजे क्रम असा असावा. प्रथम पीककर्ज मुदतींत फेडावें. २०२१-२२ पासून ३ लाखांपर्यंतचें पीककर्ज वेळेवर फेडणारास डॉ. पंजाबराव देशमुख योजनेखालीं व्याजाची पूर्ण सवलत जाहीर झाली आहे, आणि ती गमावून दुसरीकडे व्याज मिळवूं पाहणें म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. दुसरें, पुढील पेरणीचें बीं व खत यांचे पैसे निराळे काढावे. तिसरें, सहा महिन्यांचा घरखर्च व औषधपाणी बचत खात्यांत हाताशीं ठेवावें. ह्यानंतर उरेल त्याचीच मुदतठेव करावी, व ती दोन ठिकाणीं वांटावी.

शेवटीं, घरधन्याच्या डोक्यांतील हिशेब त्याच्याबरोबर जातो. म्हणून ठेवी, कर्जें, विमा व जामीनकी यांची एक वही असावी आणि ती घरधनिणीस वाचून दाखवावी. वारसाचें नांव प्रत्येक खात्यास लावावें. साप, वीज व रस्ता यांपासून शेतकऱ्यास रोजचें भय. २० रुपये वार्षिक हप्त्याचा २ लाखांचा सरकारी अपघात विमा बँकेंत मिळतो, आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नांवच्या योजनेंतून अपघाती मृत्यूबद्दल शेतकरी कुटुंबास २ लाखांचें अनुदान आहे. परंतु अर्ज वेळेवर जाण्यास घरांत कोणास तरी हें ठाऊक असावें लागतें.

आपल्या मंडळानें दरवर्षीं दिवाळीनंतर, माल बाजारांत जाण्याच्या सुमारास, एक सभा केवळ ह्याच विषयासाठीं भरवावी व तींत बायामाणसांसही बोलवावें, अशी आमची नम्र सूचना आहे. बियाण्याची पिशवी घेतांना आपण तिच्यावरील चिठ्ठी वाचतों, उगवणशक्ति विचारतों. मग त्या बियाण्यापासून आलेला पैसा दुसऱ्याच्या हातीं देतांना दोन प्रश्न विचारण्यास संकोच कां वाटावा?