खाजेचे मूळ आणि मलमाचा मोह

ज्या दुखण्याने माणूस दगावत नाही, त्याला दुखणे म्हणण्याची रीत आपल्याकडे नाही. खाज हे असेच एक बेवारशी दुखणे होय. रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेला विद्यार्थी सकाळी पहिल्याच तासाला पेंगतो आणि बोलणी खातो. कचेरीतील कारकून मेजाखाली टाचेने पोटरी घाशीत फायली हातावेगळ्या करतो. लग्नाच्या मुलीच्या हातावरचे चट्टे पदराआड जातात. विचारणा झालीच, तर ‘रक्त बिघडले’, ‘अंगात उष्णता आहे’ किंवा ‘अंघोळ नीट करीत नसेल’ यांपैकी एखादे निदान शेजारीपाजारीच करून मोकळे होतात. उपचारही तितकाच सुलभ: औषधाच्या दुकानात जावे, खाजेचे मलम मागावे आणि ट्यूब खिशात घालून घरी यावे.

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या वारणाकाठच्या गावी हे चित्र अधिक ठळक असावे, यात नवल नाही. सभोवार उसाचे मळे, पावसाळ्यातील दमट हवा, घामाने भिजलेले व नीट न वाळलेले कपडे, आणि बांधावर व रस्त्याच्या कडेला माजलेले गाजरगवत. उसाच्या पाल्याची कुसे टोचून सुटणारी खाज अंघोळीने, फार तर खोबरेल तेलाने निवते. शेतकरी तिची तक्रारही करीत नाही. जी खाज महिनोन्‌महिने हटत नाही, तिचे मूळ मात्र कुसात नसून कातडीच्या आतील पहाऱ्यात असते.

या पहाऱ्याचा शोध मोठा मौजेचा आहे. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या, एकवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला कातडीत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असे त्याला वाटले, आणि त्या वस्तुतः शरीराच्या संरक्षणदलातील आहेत हे कळण्यास सुमारे शंभर वर्षे जावी लागली. बाहेरून आलेला परका पदार्थ पकडावयाचा, तो जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत न्यावयाचा आणि तेथील ‘टी’ पेशींना त्याची ओळख पटवावयाची, हे या पेशींचे काम. टी पेशी ही ओळख वर्षानुवर्षे विसरत नाहीत. तोच पदार्थ पुन्हा कातडीला लागला, की एक-दोन दिवसांत त्या तेथे गोळा होतात आणि लाली, पुरळ, लस व खाज सुरू होते. इसबामध्ये यांतील काही पेशी जो द्रव सोडतात, तो थेट खाजेच्या मज्जातंतूंनाच डिवचतो. असा इंटरल्यूकिन-३१ नावाचा पदार्थ २००४ साली उजेडात आला. अंगावर पित्त उठते तेव्हा काम वेगळ्याच, ‘मास्ट’ नावाच्या पेशींचे असते आणि त्या हिस्टामीन सोडतात. म्हणूनच पित्तावर गुणकारी ठरणारी गोळी इसबाच्या रुग्णाला बहुधा झोप आणण्यापलीकडे काही करीत नाही. खाज एकच वाटली, तरी तिच्यामागचे कर्तेकरविते निराळे असतात. सारा प्रश्न येथेच आहे.

गाजरगवताचे उदाहरण महाराष्ट्राच्या घरचेच आहे. गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात पुण्यात या वनस्पतीची नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर तिचे बी आले असे सर्रास सांगितले जाते, आणि ‘काँग्रेस गवत’ हे नाव तर तिला कायमचेच चिकटले. पुणे परिसरातील रुग्णांना या गवतामुळे जडणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन लोणकर, मिचेल व कॅलनन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. यातील पार्थेनिन हे द्रव्य टी पेशींना एकदा ओळखीचे झाले, की मग गवताला हात लावण्याचीही गरज उरत नाही. वाऱ्यावर उडालेला त्याचा भुगा पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खळग्यात बसला तरी पुरे. येथे पहारेकरी निरुपद्रवी वाटसरूला चोर समजून झोडपीत असतात.

खरजेत मात्र चोर खरा असतो. सूक्ष्म किडा कातडीत बीळ करून राहतो, आणि खाज सुटते ती मुख्यतः त्याच्याविरुद्ध पेशींनी पुकारलेल्या लढ्यामुळे. पहिल्यांदाच लागण झाली असेल, तर ही ओळख पटण्यास चार ते सहा आठवडे लागतात. या अवधीत घरातील जो माणूस मुळीच खाजवीत नाही, तोही किडे बाळगून असू शकतो. एकट्या मुलाला औषध लावून बाकीचे घर मोकळे सोडणारे पालक पुढच्या महिन्यात पुन्हा दवाखान्यात दिसतात, ते यामुळे. गजकर्णातही चोर खराच असतो; तो बुरशीचा, आणि त्याला आवर घालणाऱ्याही याच टी पेशी.

आता दुकानातील त्या ट्यूबकडे वळावे. तीत बहुधा तीन-चार औषधांची मिसळ असते आणि त्यांत एक तीव्र स्टिरॉइड असते. स्टिरॉइड पहारेकऱ्यांना गप्प करते. गाजरगवताच्या दाहात वा इसबात, डॉक्टरांच्या सल्ल्याने व मोजके दिवस, हे उत्तम औषध आहे. त्याला सरसकट विष म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु गजकर्णावर तेच लावले, की दोन दिवसांत खाज थांबते, रुग्ण दुकानदाराला दुवा देतो, आणि पहारा उठलेल्या घरात बुरशी मोकाट पसरते. चट्ट्यांचे रूप बदलते, पुढे डॉक्टरही चकतात. जांघेतील कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे वण पडतात. खरजेवर लावले तर किडे वाढतात.

देशात गेल्या काही वर्षांत गजकर्ण जे हटेनासे झाले आहे, त्याला या मलमांचा बेसुमार वापर मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. नेहमीच्या औषधाला बहुधा दाद न देणाऱ्या एका बुरशीला २०२० साली जे शास्त्रीय नाव मिळाले, त्यात ‘इंडो’ हे अक्षरद्वय आहे. २०२३ साली तिचे रुग्ण न्यूयॉर्कमध्येही आढळले. जगाला देण्याजोग्या गोष्टी भारताजवळ याहून बऱ्या होत्या.

केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये कातडीवर लावावयाची चौदा स्टिरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. नियम झाला, परंतु नुसते नाव सांगून ट्यूब मिळण्याचे थांबले नाही. यात केवळ दुकानदाराला दोष देऊन भागणार नाही. कोडोलीच्या मजुराने त्वचारोगतज्ज्ञासाठी कोल्हापूर गाठावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवावयाची, गाडीभाडे खर्चावयाचे, आणि रांगेत बसून शेवटी ‘इतके दिवस काय लावीत होता?’ हा प्रश्न ऐकावयाचा. चिठ्ठी सक्तीची करणाऱ्या शासनाने चिठ्ठी देणारा माणूसही जवळ आणला पाहिजे. त्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बुरशीचे तंतू थोड्याच वेळात दिसू शकतात. क्षय आणि हिवतापासाठी ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक आहे, तेथे हे काम आठवड्यातून दोन दिवस का होऊ नये? स्टिरॉइड लावावयाचे की मुळीच लावावयाचे नाही, याचा निर्णय पुष्कळदा या एका काचेवर होऊ शकतो.

शाळांकडेही यातील एक काम येते. इसब संसर्गजन्य नाही. तेव्हा तसल्या मुलाला वेगळ्या बाकावर बसविणे निव्वळ अडाणीपणाचे आहे. खरूज मात्र पसरते, आणि तिच्यासाठी घरातील सर्वांना एकाच वेळी औषध घ्यावयास सांगणारी चिठ्ठी शिक्षकाने पालकांकडे धाडली, तर ती अपमानाची समजली जाऊ नये. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह असतो. श्रमदान म्हणून उघड्या हातांनी गवत उपटणारी आणि त्याचे भारे छातीशी धरून नेणारी मुले नकळत आपल्या टी पेशींना शत्रूची ओळख करून देत असतात. हे काम मोठ्यांनी, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, गवताला फुले येण्यापूर्वीच करावयाचे आहे. ऑगस्टपर्यंत बरेचसे गवत फुललेले असते. ग्रामपंचायतीने पहिला पाऊस पडून गवत उगवताच, जून-जुलैमध्येच माणसे लावावीत.