दोनशे रुपयांची सुरी आणि सहा रविवार

मी सुट्टीच्या दिवशी चाकू बनवतो असं ऑफिसात सांगितलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "कुणाला मारायचंय?" दुसरा, "अरे, दोनशे रुपयांत मिळते की सुरी!" पहिला प्रश्न अप्रेझलच्या महिन्यात रास्तच आहे :) दुसऱ्यावर मात्र मला भांडायचंय. आणि त्याहून जास्त भांडायचंय ते आम्ही छंदिष्ट लोक त्यावर जी उत्तरं देतो त्यांच्याशी.

उत्तर एक: "स्वस्त पडतं." साफ खोटं. ग्राइंडर, त्याचे पट्टे, कानशी, ड्रिल, मुठीचं लाकूड हे सगळं धरलं तर त्या पैशात अख्ख्या सोसायटीला सुऱ्या वाटता येतील.

उत्तर दोन: "हातानं केलेला म्हणजे चांगलाच." हेही बरंचसं खोटं. चांगल्या कारखान्यातली भट्टी तापमान काटेकोर धरून ठेवते. आम्ही घरगुती मंडळी काय करतो? लालभडक पात्याला लोहचुंबक लावून बघतो. पोलाद साधारण 770 अंश सेल्सियसला चुंबकाला चिकटेनासं होतं. मग अजून थोडं तापवायचं, रंग बघायचा आणि कोमट तेलात बुडवायचं. याला काटेकोरपणा म्हणत असतील तर आमची एस्टिमेटंही काटेकोर म्हणायला हवीत.

उत्तर तीन: "स्ट्रेस जातो." ज्यानं 120 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 600 पर्यंत एकच पातं तीन तास घासलंय, तेही पोलादाची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क बांधून, त्यानं हे वाक्य उच्चारून दाखवावं.

मग माणसं या फंदात पडतात कशाला?

अमेरिकेतली दोन उदाहरणं घ्या. या छंदाची आजची घडण बरीचशी तिथलीच. बो रँडल हा फ्लोरिडातला संत्र्यांचा बागायतदार. 1937 साली त्यानं एका माणसाला चाकूनं होडीचा रंग खरवडताना पाहिलं. एवढं करून चाकूची धार शाबूत! चाकू होता विल्यम स्केगल नावाच्या कारागिराचा. रँडलनं मोटारीच्या स्प्रिंगच्या पोलादातून स्वतःचा चाकू करून पाहिला. पुढे 1950च्या दशकात बॉब लव्हलेस नावाचा खलाशी न्यूयॉर्कच्या एका दुकानात हाच रँडलचा चाकू घ्यायला गेला, तर नऊ महिने थांबा म्हणाले. त्यानं भंगारातली पॅकार्ड गाडीची स्प्रिंग आणली आणि जहाजाच्या मुदपाकखान्यातल्या तेलाच्या शेगडीवर चाकू केला.

नुसती वस्तू हवी असलेला माणूस नऊ महिने थांबतो, नाहीतर दुसरी घेतो. "हे होतं कसं?" हा किडा ज्याला चावला त्याला थांबवत नाही. खरं कारण हे आहे. आणि आपल्यासारख्यांच्या बाबतीत त्याला अजून एक पदर आहे.

आपल्या कामात "झालं" हा शब्दच नाही. रिलीज होतं, पॅच येतो, मग पॅचचा पॅच. चूक झाली तर ती लीड, टेस्टर, क्लायंट आणि "नेटवर्क इश्यू" यांच्यात इतकी वाटली जाते की प्रत्येकाच्या वाट्याला प्रसादाइतकीच येते. पोलाद असं करू देत नाही. पाणी पाजलेलं पातं कडक होतं, त्यावरून कानस नुसती घसरते, पण ते काचेसारखं ठिसूळही असतं. त्याला साधारण 200 अंशांवर दोन-दोन तास दोनदा भाजून नरम करावं लागतं. हे टाळलंत तर हातातून पडून तुकडा उडेल आणि कुणाला सीसी करायची सोय नाही.

अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही संस्था 1976 साली स्थापन झाली. तिच्या पहिल्या पायरीची परीक्षा बघा. स्वतः घडवलेल्या चाकूनं लटकता इंचभर जाडीचा दोर एका फटक्यात तोडायचा. मग लाकडाची चांगली जाड फळी दोनदा तोडायची. त्यानंतर, पुन्हा धार न लावता, त्याच पात्यानं हातावरचे केस काढून दाखवायचे. शेवटी पातं व्हाइसमध्ये धरून 90 अंशात वाकवायचं. ते मोडता कामा नये. म्हणजे पास झालात तरी चाकू गेलाच! हाती उरतं ते एवढंच की आपल्याला हे येतं. असं अप्रेझल आपल्याकडे कुणाचं झालंय?

इथपर्यंत सगळे छंदिष्ट माना डोलावतील. आता जरा टोचणारं.

आपण जे सहा रविवारांत शोधल्याच्या आनंदात असतो, ते आपल्याकडचे घिसाडी रस्त्याच्या कडेला पिढ्यान् पिढ्या करत आलेत. ट्रकचा जुना कमानपाटा, जमिनीत रोवलेली ऐरण, नवरा सांडशीनं लोखंड फिरवतोय आणि बाई घण घालतेय. त्यातून कोयता होतो, विळी होते. तापमापक त्यांच्याकडेही नाही, रंग तेही बघतात. फरक एवढाच की आम्ही केलं की ते "क्राफ्ट", फोटो काढण्याजोगं. त्यांनी केलं की ती "जात", आणि कोयत्याच्या भावात पन्नास रुपये कमी करायला आपण उन्हात दहा मिनिटं हुज्जत घालतो. डोक्याचं काम वरचं आणि हाताचं खालचं ही उतरंड आपण ऑफिसात तर पाळतोच, छंदातही घेऊन येतो.

म्हणून माझं म्हणणं असं. चाकू जरूर करा. स्वस्ताई, शुद्धता, स्ट्रेस वगैरे थापा मारू नका, "मला हे जमतं का बघायचं होतं" एवढं सांगा, पुरे आहे. आणि पुढच्या वेळी घिसाड्याकडून कोयता घ्याल तेव्हा तो सांगेल ती किंमत द्या, आणि पाणी पाजताना बघत उभं राहिलं तर चालेल का, एवढं विचारा.